तुमचे प्रश्न: दिवसभर गार ठेवणारं आणि संध्याकाळी शिजवणारं मशीन

मागच्या अंकात मी टायमरवाल्या कुकरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतेय. बहुतेकांचं म्हणणं एकच, सकाळी घाईत चिरून ठेवलेलं दिवसभर गार राहावं आणि आपण घरी पोचेपर्यंत शिजलेलं असावं, असं एकच मशीन असतं का. मी बारा वर्षं एका हॉस्पिटलच्या किचनमधे काम केलंय, तिथे गार आणि गरम दोन्ही एकाच जेवणाच्या ट्रॉलीत रोज बघितलंय, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो, लोकलने घरी पोचायला आठ वाजतात. एका व्हिडिओत बघितलं की सकाळी कच्चं चिकन नि भाज्या मशीनमधे ठेवायच्या, ते दिवसभर फ्रिजसारखं थंड ठेवतं आणि ठरलेल्या वेळेला शिजवतं. खरं आहे का हे? घ्यावं का? (ठाणे)

खरं आहे, आणि कल्पना आजची नाहीये. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्हर्लपूलने अमेरिकेत पोलारा नावाची शेगडी-ओव्हन काढली होती, तिच्या ओव्हनमधे सकाळी कच्चं जेवण ठेवायचं, ती ते गार ठेवायची, मग वेळेवर भाजायची, आणि तुम्ही वेळेत आला नाहीत तर थोडा वेळ गरम ठेवून पुन्हा गार करायची. त्याच सुमाराला ओहायो राज्यातल्या टीएमआयओ नावाच्या कंपनीने कनेक्ट आयओ नावाचा ओव्हन आणला, तो तर इंटरनेटवरून चालवता यायचा, त्यासाठी लागणारं तंत्र त्यांनी नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राकडून घेतलं होतं. म्हणजे स्मार्टफोन घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. किंमत काही हजार डॉलर, त्यामुळे सामान्य घरात तो गेलाच नाही. पोलाराही बंद झाली. मग २०१८ मधे सुवी नावाचं मशीन किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या वेबसाइटवर आलं, तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुतेक त्याचाच किंवा त्याच्या पुढच्या मॉडेलचा असेल.

आता हे सगळीकडे का झालं नाही ते सांगते, कारण ते कळलं की घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्हीच ठरवाल. फ्रिजच्या भिंतीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम असतो, गारवा धरून ठेवायला तो फार चांगला, पण ओव्हनची उष्णता त्याला सोसत नाही. ओव्हनच्या भिंतीत काचलोकर भरतात, ती अडीचशे अंश सहन करते पण तिच्यात ओल शिरली की तिचं काम संपलं, आणि गार पेटीत ओल ही येणारच. दाराच्या रबराचंही तेच, फ्रिजचं चुंबकवालं रबर ओव्हनला लावलं तर मऊ पडून वाकडं होईल. शिवाय थंड करणारी नळी ओव्हनच्या आत ठेवली तर तिच्यातल्या गॅसचा दाब गरम झाल्यावर कुठच्या कुठे जाईल. म्हणजे एकाच पेटीला दोन सासरं सांभाळायला लावायची, आणि दोन्हीकडच्या रीती अगदी उलट.

सुवीवाल्यांनी यातून जी वाट काढली ती मला मनापासून आवडते. त्यांनी पेटी गार करायचा हट्ट सोडला आणि भांड्याभोवतीचं पाणी बदललं. दिवसभर भांड्यांभोवती थंड पाणी फिरतं, वेळ झाली की तेच पाणी गरम होतं, वाफ होते, शेवटी वरच्या तापणाऱ्या जाळीने भाजणं होतं. पहिल्या मॉडेलमधे चार वेगळी भांडी होती, एकात मांसमच्छी, एकात भाजी, एकात भात किंवा पास्ता, एकात सॉस. भाताच्या भांड्यात पाणी मशीनच ओततं नि शिजल्यावर मशीनच काढतं.

पण आपल्या जेवणाला ते कितपत? पाणी शंभर अंशाच्या वर जात नाही, आणि आपली फोडणी तर तिथून पुढे सुरू होते. मोहरी तडतडणं, कांदा लालसर होणं, खोबरं खरपूस भाजणं, यातलं काही त्या पाण्यात होणार नाही. वरच्या जाळीने पापलेट छान भाजेल, पण रस्सा होणार नाही. पोळी-भाकरीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे भात, वरण, उकडलेला बटाटा, वाफवलेली भाजी, मासे, एवढ्यासाठी ते चांगलं, आणि ठाण्याच्या स्वयंपाकघरात ओट्याची दीड-दोन फूट जागा तुम्ही त्याला द्याल का हे बघा.

मी तुमच्या जागी असते तर घेतलं नसतं. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून छोट्या डब्यांत फ्रीझरला टाकायचं, चिकन हळद-मीठ-दही लावून फ्रिजमधे, आणि आठला घरी आल्यावर कुकरला वीस मिनिटं. या वीस मिनिटांत तुम्ही हातपाय धुवून कपडे बदलता तेवढंच होतं. त्या मशीनने वाचणारा वेळ हाच, यापेक्षा जास्त नाही.

प्रश्न: मुलाने टायमरवाला इलेक्ट्रिक कुकर आणून दिलाय. सकाळी साडेसातला डाळ-तांदूळ-पाणी घालून संध्याकाळी सातचा टायमर लावते. थंडीत छान चाललं, पण एप्रिलपासून खिचडीला आंबूस वास येतो, फेस पण येतो. कुकर खराब आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

कुकर चांगला आहे हो. कुकरला थंड ठेवता येत नाही, एवढंच. तुमच्याकडे एप्रिल-मेमधे पारा चाळिशीवर, घरातलं पाणी तीस-बत्तीस अंशांचं, त्यात डाळ-तांदूळ साडेअकरा तास भिजत पडलेत. तुम्ही इडलीचं पीठ आंबवायला जे करता तेच तिथे होतंय, फक्त वाटलेलं नाहीये.

आणि हे नुसतं आंबूस वासावर थांबत नाही म्हणून जरा जास्त सांगते. अन्नासाठी धोक्याचा पट्टा ५ ते ६० अंश सेल्सिअस. ५ च्या खाली जंतू वाढायला फार वेळ घेतात, ६० च्या वर त्यांची वाढ थांबते, मधे मात्र त्यांचं राज्य. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू बहुतेक वेळा असतोच, त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. हा जंतू वाढला की एक विष सोडतो, त्याने तासाभरात ते पाचसहा तासांत उलट्या सुरू होतात, आणि ते विष इतकं चिवट की पुन्हा गरम केल्याने, अगदी प्रेशर कुकरच्या उष्णतेनेही जात नाही. म्हणून "शिजवल्यावर सगळं मरतं" यावर विसंबू नका. आंबूस वास आलेली खिचडी टाकून द्या, उकळून खाऊ नका, आणि घरात लहान मूल किंवा साठीच्या पुढचं कोणी असेल तर अजिबातच नाही.

मग करायचं काय. डाळ-तांदूळ सकाळी धुवून, कोरडे निथळून, डब्यात घालून फ्रिजमधे ठेवा आणि टायमर वापरायचाच असेल तर दोन तासांच्या आतला लावा. तेवढ्या वेळात घरी कोणीच नसतं असं असेल तर डाळ-तांदूळ धुवू नका, कोरडेच मोजून ठेवा, आल्यावर पाणी घालून बटण दाबा, अर्ध्या तासात खिचडी होते. काही जणी बर्फाचे खडे घालून टायमर लावतात, मी ते करून बघितलंय, एक लिटर पाण्यात एक ट्रे बर्फ तीन तासांत वितळून पाणी पुन्हा पंचविशीला आलं होतं, म्हणजे साडेअकरा तासांना त्याचा काही उपयोग नाही. दूध, मांस, मासे, अंडी तर टायमर लावून बाहेर कधीच ठेवू नका.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. सायन्स प्रोजेक्टला त्याला एकाच डब्यात गार आणि गरम दोन्ही करायचंय. कोणीतरी पेल्टियर प्लेट सांगितली. त्यावर जेवण शिजेल का? धोका काही? (पुणे)

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. जेवण शिजणार नाही, पण त्याहून चांगलं एक काम होईल, ते सांगते, आणि पुढचं मुलाला वाचायला द्या.

१८३४ मधे पॅरिसच्या झाँ शार्ल पेल्टियर या घड्याळजीला दिसलं की दोन वेगळे धातू जोडून वीज सोडली की जोडावर तापमान बदलतं. हा माणूस तिशीत घड्याळांचा धंदा सोडून विज्ञानाकडे वळला होता. चार वर्षांनी, १८३८ मधे, सेंट पीटर्सबर्गला हाइनरिख लेंझने बिस्मथ आणि अँटिमनीच्या जोडावर पाण्याचा थेंब ठेवला, वीज सोडली, थेंब गोठला. मग वीज उलट्या दिशेने सोडली आणि तोच थेंब वितळला. या महिन्यात मला आलेल्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्या एका थेंबात आहे.

आता बाजारात मिळणारी साधी प्लेट म्हणजे ४० मिमी बाय ४० मिमीची पांढरी चौकोनी सिरॅमिक वडी, आत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या, तापकीर गल्लीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "बारा सातशे सहा" म्हणून मागितली तर लगेच काढून देतात. बारा व्होल्टवर चालते, पाच-सहा अँपिअर खाते, म्हणजे मोबाईलचा चार्जर चालणार नाही, बारा व्होल्ट दहा अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या. एक बाजू गार होते तेव्हा दुसरी तापते, आणि ती तापलेली बाजू पंखा आणि हीटसिंकने (उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) सतत गार ठेवावी लागते. हीटसिंक न लावता नुसती वीज दिली तर काही सेकंदांत आतलं झाळण वितळून प्लेट कायमची जाते, आणि बोट भाजतं ते वेगळंच. हे काम मोठ्या माणसाने शेजारी बसूनच करायचं.

मुलाने काय बनवावं, तर दह्याचा डबा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत विरजण लागत नाही, घरोघरी भांडं शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवतात. विरजणाला ४२-४३ अंश लागतात, सहा तास, आणि लागल्यावर लगेच गार करायला हवं, नाहीतर दही आंबट होत जातं. थर्माकोलचा डबा, त्यात प्लेट, दोन्ही बाजूंना हीटसिंक नि पंखे, तापमान बघून चालू-बंद करणारा एक छोटा थर्मोस्टॅट, आणि वीज उलटी करायला डीपीडीटी स्विच. रात्री स्विच गरमकडे, सकाळी उठल्यावर गारकडे. अर्धा लिटर दुधाला एक प्लेट पुरते, पण गार व्हायला वेळ लागेल, कारण कॉम्प्रेसरच्या मानाने ही प्लेट फार जास्त वीज खाऊन कमी गारवा देते, तेवढ्यासाठीच घरातले फ्रिज हिच्यावर चालत नाहीत. दर अर्ध्या तासाला तापमान वहीत लिहून त्याचा आलेख काढ, परीक्षकांना तो आलेखच जास्त आवडेल. आणि दही झालं की मला नक्की कळव.

प्रश्न: मी घरगुती डबे करते, रोज साठ-पासष्ट. आता एका कंपनीची रात्रपाळीची ऑर्डर येतेय. एकजण सांगतो ब्लास्ट चिलर घ्या, दुसरा म्हणतो गरम-गार दोन्ही करणारी ट्रॉली घ्या. सासूबाई म्हणतात आम्ही पातेलं रात्रभर ओट्यावरच ठेवायचो, कुणाला काही झालं नाही. (नाशिक)

सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, पण त्या चार माणसांचं छोटं पातेलं नाशिकच्या थंडीत ठेवत होत्या. तुमचं वीस लिटरचं पातेलं आहे. मोठ्या पातेल्यातली उसळ वरून गार लागते आणि मध्यभागी पाच-सहा तासांनीही कोमट असते, आणि त्या कोमटात, साधारण ४३-४५ अंशांना, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. मंगल कार्यालयातल्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडतात त्यातल्या बऱ्याच वेळा हेच असतं.

ब्लास्ट चिलर म्हणजे जोरदार पंख्याचा थंड कपाट-फ्रिज, शिजलेलं गरम अन्न झटपट खाली आणणारा. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार शिजवून गार करायचं अन्न दीड तासात ० ते ३ अंशांवर यावं लागतं आणि बनवल्याच्या दिवसासकट पाच दिवसांत संपवावं लागतं. अमेरिकेत थोडी ढील आहे, ५७ वरून २१ वर दोन तासांत, मग ५ वर आणखी चार तासांत. त्यातला पहिला टप्पाच जास्त महत्त्वाचा कारण खरा धोका तिथे. आता काही महाग ब्लास्ट चिलर असेही आहेत जे गार करतात आणि मंद आचेवर शिजवतातसुद्धा, इटलीतली इरिनॉक्स कंपनी उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत जाणारं मशीन बनवते, रात्री मांस आत ठेवलं की सकाळी शिजून गार झालेलं मिळतं. पण ते मोठ्या हॉटेलांचं काम.

गरम-गार ट्रॉली मी स्वतः वापरलीय म्हणून सांगते. स्टीलचं उंच कपाट, मधोमध उभी जाड भिंत, त्या भिंतीला आडव्या फटी. जेवणाचा ट्रे फटीतून असा सरकवायचा की अर्धा इकडे, अर्धा तिकडे. रात्री सगळाच ट्रे गार, तीन-चार अंश. पहाटे साडेपाचला एका बाजूची हवा तापायला लागते, पाऊण तासात उपमा पंच्याहत्तरच्या वर, आणि त्याच ट्रेवर हातभर अंतरावर दही नि कापलेलं पपई गारच. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा एका गालाला वाफ नि एका गालाला गारवा लागला होता, ते मी विसरणार नाही. पण त्या भिंतीच्या फटींना रबरी पट्ट्या असतात, ट्रे आत-बाहेर करून त्या उचलतात. एकदा एक पट्टी जेमतेम बोटभर उचलली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही, सकाळी मी सवयीने ताकात थर्मामीटर घातला तर १९ अंश. ताक चवीला चांगलं होतं. आम्ही त्या बाजूचं सगळं टाकलं, चोवीस ट्रे, पेशंटना नाश्ता अर्धा तास उशिरा गेला, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पट्ट्यांवर हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी नोकरी सोडेपर्यंत केलं.

तुम्हाला साठ डब्यांना यातलं काहीच नको, खरंच. पाचशे रुपयांच्या आसपासचा टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या, ही पहिली खरेदी. मग शिजलेली उसळ पसरट स्टीलच्या परातींत काढा, दोन इंचांपेक्षा जास्त थर नको, परात मोठ्या घंगाळात नळाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, दर दहा मिनिटांनी ढवळा. नळाच्या फुकट पाण्यानेच ती ९५ वरून ३५-४० पर्यंत येते. मग पाणी काढून बर्फ. हिशोब सांगते, दोन लिटर पातळ उसळ ४० वरून १० वर आणायला पाऊण किलोच्या आसपास बर्फ पुरतो, म्हणजे बर्फाचा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाहीये, सुरुवातीपासून बर्फ घातला तर मात्र तिप्पट लागेल. १० च्या खाली गेल्यावर फ्रिजमधे. गरम परात थेट फ्रिजमधे ठेवू नका, आतलं दूध-दही कोमट होतं. ऑर्डर दीडशे-दोनशे डब्यांवर गेली आणि रोजची झाली की मग छोटा, पाच ट्रेचा ब्लास्ट चिलर बघा, तोपर्यंत थांबा. रात्रपाळीचे डबे देताना ७५ पर्यंत नीट गरम करून द्या आणि एकदा गरम केलेलं उरलं तर पुन्हा गार करून ठेवू नका.

प्रश्न: आमच्या पाच गाई आहेत. संस्थेला दूध घालून उरलेल्याचं सुगंधी दूध करून विकायचंय. तापवायला एक नि गार करायला एक अशी दोन मशीनं परवडत नाहीत. (कोल्हापूर जिल्हा)

तुम्हाला हवं ते मशीन आहे आणि तेही एकच. बॅच पाश्चरायझर म्हणून विचारा. दुहेरी भिंतीचं स्टीलचं भांडं, मधल्या पोकळीत आधी गरम पाणी फिरवायचं, दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं धरायचं, ढवळणी चालू ठेवायची, मग त्याच पोकळीत नळाचं आणि नंतर बर्फाचं पाणी फिरवून दूध ४ अंशांवर आणायचं. भांडं तेच, भोवतीचं पाणी बदललं. वर ठाण्याच्या ताईंना ज्या सुवी मशीनबद्दल सांगितलं त्याची युक्ती हीच, आणि डेअरीवाल्यांना ती कितीतरी आधीपासून माहीत आहे. मोठ्या डेअऱ्यांमधे दूध ७२ अंशांवर १५ सेकंदच धरतात आणि तिथे येणारं गार कच्चं दूध जाणाऱ्या गरम दुधाची उष्णता घेतं, त्यामुळे इंधन फार वाचतं, पण ते हजारो लिटरला. तुम्ही ५० किंवा १०० लिटरचं घ्या, घेताना आतले सांधे गुळगुळीत घासलेत का ते हात फिरवून बघा, खरखरीत सांध्यात दूध बसतं. विक्रीसाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल, ती आधी करा.

प्रश्न: गाडीत लावायचा गरम-गार डबा घेतलाय. गणपतीला कोकणात जाताना त्यात पुलाव शिजेल का? (डोंबिवली)

नाही. आत तीच पेल्टियर प्लेट आहे, गरमकडे बटण केलं तर साधारण ६० पर्यंत जातो, शिजायला ते पुरत नाही. गार करतानाही बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली आणतो, म्हणजे बाहेर ३० असेल तर आत १० ते १५, फ्रिज नाही झाला तो. पुलाव चांगला वाफाळता असताना भरा आणि गरमकडेच ठेवा, किंवा पूर्ण गार केलेलं दही-ताक बर्फाच्या पिशवीसकट ठेवा. कोमट काहीही त्यात ठेवू नका.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. आई गेल्यावर बाबा साताऱ्यात एकटेच आहेत, वय ७८, हात थोडे कापतात. कामाच्या मावशी सकाळी नऊला करून जातात, रात्री बाबा तेच गार जेवतात, गॅस पेटवायला घाबरतात. इथलं गार ठेवून शिजवणारं मशीन पाठवू का? पैशांचा प्रश्न नाही. (एडिसन)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नका पाठवू. तिथलं मशीन १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं, साताऱ्यात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. त्याला दीड-दोन हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड, तापतो, गुणगुणतो, आणि हर्ट्झ तर त्यानेही बदलत नाहीत, मोटर हळू चालून लवकर खराब होते. बिघडलं तर साताऱ्यात ते कोण उघडणार? आणि बाबांना बरंचसं ॲपवर करावं लागेल.

तुमच्याकडे अमेरिकेत कॉलेजच्या हॉस्टेलच्या खोल्यांत छोटा फ्रिज आणि त्यावर मायक्रोवेव्ह असा जोड असतो, मायक्रोफ्रिज नावाने तो १९८० च्या दशकाच्या शेवटी आला. मायक्रोवेव्ह चालू झाला की फ्रिज तेवढ्यापुरता थांबतो म्हणजे खोलीच्या वायरिंगवर भार येत नाही. गार करणं नि गरम करणं एकाच पेटीत कोंबलं नाही, शेजारी शेजारी ठेवलं. बाबांसाठी मी तेच करीन. मायक्रोवेव्ह साधा, गोल फिरवायच्या दोन खटक्यांचा, बटणांच्या स्क्रीनचा नको, कापऱ्या हातांना खटका बरा पडतो. तो ओट्यावर बाबांच्या छातीच्या उंचीला, डोक्यावरच्या कपाटात अजिबात नाही, गरम ताट वरून उतरवताना सांडतं. फ्रिजच्या अगदी शेजारी, मधे चालायला लागू नये. तीन मिनिटांच्या खुणेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

मावशींना सांगा, भाजी-वरण-भात झाला की अर्ध्या-पाऊण तासात काचेच्या चपट्या डब्यात, भात पसरून, फ्रिजमधे, दुपारपर्यंत ओट्यावर नको. डब्याला दोन कान असलेले घ्या, धरायला सोपे. भातावर दोन चमचे पाणी शिंपडून झाकण तिरकं ठेवून गरम केला की मऊ होतो. पोळ्या कापडात गुंडाळून बाहेरच राहू द्या, त्या मायक्रोवेव्हमधे चिवट होतात, बाबांच्या दातांना त्रास होईल, त्यापेक्षा रात्री भातच बरा.

पहिल्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासोबत राहा. तुमची तेव्हा सकाळ असेल. त्यांनी डबा काढला, ठेवला, खटका ठिपक्यापर्यंत फिरवला, घंटी वाजली, की लगेच काढू देऊ नका, एक मिनिट थांबायला सांगा, मग वरण चमच्याने मधून ढवळून घ्यायला लावा, कारण कडेला उकळतं नि मधे गार राहतं. सलग चार रात्री केलंत की हाताला सवय होते. मावशींना काय सांगायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मी तुम्हाला वेगळं पाठवतेय, फ्रिजच्या दारावर चिकटवायला द्या.